धनाचा कारभारी : वाशीम ते अजिंठा

वऱ्हाडच्या मुलकी नकाशात वाशीमचे दैव वारंवार पालटले आहे. इंग्रजी अमदानीत ते काही काळ स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोल्यात सामील करण्यात आला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्याच अकोल्यातून वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे तालुके अलग काढून तो पुनश्च निर्माण झाला. परंतु दफ्तरांतील हे चढउतार ज्याच्यापुढे क्षुल्लक वाटावेत असा एक काळ या गावाने पाहिलेला आहे. इसवी सनाच्या चौथ्या आणि पाचव्या शतकांत, वत्सगुल्म या नावाने, ते वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी होते. आणि अजिंठ्याच्या डोंगरात ज्या लेण्यांनी पुढे जगाला थक्क केले, त्यांपैकी कित्येक याच राजधानीच्या छत्राखाली, येथील शेवटच्या थोर राजाच्या अमलात खोदली गेली. बौद्ध मूर्तिकलेत धनदेवतांना कोणते स्थान आहे, हे पाहण्याच्या इच्छेने निघालेल्या प्रवाशाने नेपाळ-तिबेटची वाट धरण्याआधी वाशीमचा रस्ता धरावा, असे मला वाटले त्याचे कारण हेच.

वाशीमात उतरलेला मनुष्य प्रथम बालाजीच्या दर्शनास जातो, आणि मीही त्यास अपवाद नव्हतो. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेले हे मंदिर, त्याच्या परिसरातील तलाव आणि गावातील पद्मतीर्थ यांनी या वस्तीला तीर्थक्षेत्राची कळा आणली आहे. ज्या व्यंकटेशाची ही स्थापना, त्याच्याविषयीची कथा दक्षिणेत सर्वतोमुखी आहे: पद्मावतीशी विवाह करावयाचा म्हणून देवाने कुबेराकडून कर्ज काढले, आणि त्या कर्जाचे व्याज भक्तांच्या हुंडीतून आजतागायत फिटत आहे. देवच ऋणको आणि यक्ष सावकार, ही कल्पना परक्यास चमत्कारिक वाटेल. पण आपल्या लोकांनी धनाच्या देवतेकडे कोणत्या नजरेने पाहिले हे तीत स्पष्ट दिसते. कुबेराजवळ संपत्ती अपार आहे, तिचा हिशेबही चोख आहे, परंतु गाभारा त्याचा नाही. तो देतो, राखतो, मोजतो. पूजा मात्र दुसऱ्याची होते. पुढच्या सबंध प्रवासात बौद्ध शिल्पींनी हीच गोष्ट दगडात मांडलेली मला आढळली, आणि त्यांनी ती आपल्या पुराणिकांपेक्षा अधिक नेटकेपणाने मांडली आहे, असे माझे मत झाले.

वत्सगुल्माच्या वैभवाच्या खुणा आज गावाच्या रस्त्यांत शोधून सापडावयाच्या नाहीत. त्या ग्रंथांत आणि ताम्रपटांत आहेत. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता, आणि ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य त्याच्या नावावर आहे. त्याचा पुत्र विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे उजेडात आला. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेल्या या दानपत्राचा काही भाग संस्कृतात व काही प्राकृतात आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी त्याच्या आधारे या विस्मृत शाखेची वंशावळ उभी केली. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील याच वत्सगुल्म नगरात लावून दिला, आणि ते नगर मदनाचे क्रीडास्थान असल्याचे सांगितले. राजवट लयास जाऊन कित्येक शतके लोटल्यावरही रसिकांच्या स्मरणात ज्या गावाचे नाव असे टिकले, ते एके काळी किती संपन्न असले पाहिजे, याची अटकळ वाचकाने बांधावी.

या संपन्नतेचे मूळ कशात होते, हे पाहण्यासाठी वाशीमहून दक्षिणेस हिस्से-बोराळा या गावाकडे जावे. काळ्या कसदार जमिनीतून, हंगाम असेल तर कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांमधून ही वाट जाते. या गावच्या शिलालेखात वाकाटक नृपती देवसेन याच्या काळात, शके ३८० म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमारास, स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या एका आज्ञाधारक अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचे सरोवर बांधल्याची नोंद आहे. गिरनारच्या पायथ्याशी मौर्यकाळी बांधलेल्या आणि पुढे रुद्रदामनाने दुरुस्त केलेल्या प्रख्यात तलावाचेही नाव सुदर्शनच. ते नाव वऱ्हाडातील एका सरोवराला द्यावे, यात त्या अधिकाऱ्याची महत्त्वाकांक्षा दिसते. ज्या मुलखात पावसाळा संपताच नाल्यांची वाळू उघडी पडते, त्या मुलखात साठवलेले पाणी हाच खरा खजिना होय, आणि वत्सगुल्माच्या राजपुरुषांनी तो ओळखला होता.

येथे थोडे थांबून मूर्तिशास्त्राकडे वळले पाहिजे, कारण पाणी आणि धन यांचा संबंध आपल्या शिल्पकलेत फार जुना आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९२८ आणि १९३१ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या यक्षांवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की यक्ष हे मुळात जलाचे, वनस्पतींचे आणि सुफलतेचे अधिष्ठाते, आणि त्यांची द्रव्यसंपत्ती ही त्या जीवनरसाचेच दुसरे रूप. नवनिधी डोळ्यांपुढे आणले म्हणजे हे पटते: पद्म, महापद्म, शंख, मकर आणि कच्छप हे त्यांतील पाच तरी जलाशयातून वर आलेले आहेत. साचले तर कुजते आणि वाहिले तर पिकवते, असा जो पाण्याचा धर्म, तोच मूर्तिकारांनी धनासही लावला. म्हणून बौद्ध धनदेवतेच्या हातातील पात्र कधी झाकलेले नसते. जंभलाच्या डाव्या हातातील मुंगुसाच्या मुखातून रत्ने ओघळत असतात. वसुधारेच्या कलशातून ती उसळत असतात. मूर्तीत क्षण पकडावयाचा तो संचयाचा न पकडता वितरणाचा पकडावा, हा या कलेचा दंडकच आहे.

जंभल म्हणजे बौद्धांचा कुबेर. त्याची ध्याने ‘साधनमाला’ नामक संग्रहात सविस्तर दिली आहेत. हा संग्रह बिनयतोष भट्टाचार्य यांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ व १९२८ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. सुटलेले पोट, आखूड अवयव, अंगभर अलंकार, उजव्या हातात महाळुंग आणि डाव्या हातात नकुल अर्थात मुंगूस, हे त्याचे सामान्य रूप होय. महाळुंग हे बीजांनी भरलेले फळ. करवीरच्या महालक्ष्मीच्या हातातही ते आहे, आणि तेथे ते ज्या सुफलतेचे चिन्ह आहे त्याच सुफलतेचे येथेही. मुंगुसाविषयी दोन मते प्रचलित आहेत. निधींचे रक्षण करणारे नाग, आणि नागांचा वैरी मुंगूस, म्हणून त्याने गिळलेली रत्ने तो ओकतो, असे एक मत. तर पूर्वी मुंगुसाच्या सबंध कातड्याची पैशाची थैली करीत, आणि काळाच्या ओघात मूर्तिकारांनी त्या थैलीलाच पुन्हा जिवंत प्राणी बनविले, असे दुसरे. मला दुसरे अधिक सयुक्तिक वाटते, कारण जुन्या मूर्तींत थैली आणि उत्तरकालीन मूर्तींत मुंगूस असा क्रम पुष्कळ ठिकाणी दिसतो.

जंभलाची शक्ती वसुधारा. तिच्या हातात धान्यमंजरी असते, यावरून ती शेतकऱ्याच्या घरची लक्ष्मी आहे हे उघड होते. नेपाळात तिची षड्भुज मूर्ती विशेष लोकप्रिय आहे. तिच्या हातांत धान्याची लोंबी, रत्नांचा गुच्छ, पूर्णघट आणि प्रज्ञापारमितेची पोथी असते, एक हात वर देण्यासाठी खाली झुकलेला असतो आणि एक हात बुद्धांना वंदन करण्यासाठी खांद्याजवळ उचललेला असतो. सुबत्तेची देवी सुबत्ता देता देता स्वतः कोणापुढे तरी नम्र झालेली आहे, हे दाखविणारा तो सहावा हात मला या मूर्तीतील सर्वांत अर्थपूर्ण अवयव वाटतो. काठमांडूजवळील पाटण शहरात ओकुबहालच्या परिसरातील शाक्य कारागीर अशा मूर्ती आजही घडवितात. आधी मेणाची मूर्ती करावयाची, तिच्यावर माती, शेण आणि भाताचा कोंडा यांचे थरावर थर चढवावयाचे, साचा वाळल्यावर तापवून मेण काढून टाकावयाचे आणि त्या पोकळीत तांबे ओतावयाचे. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. पुढे छिन्नीने दागिन्यांचे बारकावे उठवून पाऱ्यात कालविलेल्या सोन्याचा मुलामा देतात. ही मधूच्छिष्टाची रीत आपल्याकडील शिल्पग्रंथांसही ठाऊक होती, आणि रामटेकनजीक हमलापुरी येथे १९८२ साली मिळालेल्या बुद्धाच्या धातुमूर्ती पाहता विदर्भातही ओतकामाची विद्या वाकाटककाळी चांगली रुजलेली होती, असे म्हणण्यास आधार आहे.

वाशीमहून अजिंठ्यास जाणारा रस्ता मालेगाव, मेहकर, चिखली आणि बुलढाणा अशा टप्प्यांनी जातो. मेहकरास शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती आहे. ती १८८८ साली जमिनीतून वर निघाली, आणि तिच्यावरील अलंकारांचे कोरीव काम पाहण्यासाठी प्रवाशाने वाट वाकडी करावी इतके ते सरस आहे. बुलढाण्याचे थंड पठार मागे टाकून अजिंठा गावावरून घाट उतरले, की फर्दापूरच्या अंगाने वाघूर नदीच्या नालाकृती वळणापाशी माणूस येऊन ठेपतो. काळ्या बसाल्टचा तो अर्धवर्तुळाकार कडा पहिल्याने पाहणाऱ्यास वत्सगुल्माची आठवण होण्याचे कारण नाही. ती करून देणारा लेख मात्र तेथे आहे.

सोळाव्या लेण्याचा शिलालेख वत्सगुल्माचा शेवटचा थोर राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याचा आहे. वराहदेवाचे घराणेच मंत्र्यांचे. त्याचा पिता हस्तिभोज हा देवसेनाचा अमात्य होता, म्हणजे हिस्से-बोराळ्याचे सरोवर बांधले गेले त्याच दरबारातला. लेखात वाकाटकांची वंशावळ दिल्यानंतर वराहदेव आपल्या दानाचे प्रयोजन सांगतो. आयुष्य, तारुण्य, वित्त आणि सुख ही सर्व चंचल आहेत असे जाणून त्याने मातापित्यांच्या पुण्यार्थ भिक्षूंसाठी हे निवासस्थान करविले, असा त्या वचनांचा आशय आहे. आणि लगेच पुढे त्या लेण्याच्या खिडक्या, दारे, चित्रे आणि मूर्ती यांचे तो अभिमानाने वर्णन करतो. शेजारच्या सतराव्या लेण्याच्या दात्याने तर अल्पपुण्य माणसांना मनानेही कल्पिता येणार नाही एवढा खर्च आपण केला, असे लिहवून ठेवले आहे. वित्त क्षणभंगुर आहे म्हणून त्याचा तिरस्कार करावा, हा निष्कर्ष या दोघांनीही काढला नाही. ते क्षणभंगुर आहे म्हणून हातात आहे तोवर त्याला कामास लावावे, असा त्यांचा कारभारी विचार होता. अजिंठ्याच्या भिंतींवरील निळा रंग ज्या राजावर्ताचा, तो पाषाण अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. तो विकत घेणाऱ्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या असल्या पाहिजेत, हे वेगळे सांगावयास नको.

आता दुसऱ्या लेण्यात यावे. धनदेवतांच्या दृष्टीने महाराष्ट्रातील हे सर्वांत महत्त्वाचे दालन आहे. मध्यभागी गर्भगृहात बुद्ध आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस मागील भिंतीत दोन लहान देवळ्या कोरल्या आहेत. डाव्या देवळीत दोन गुबगुबीत यक्ष बसलेले आहेत. अभ्यासक त्यांस शंखनिधी आणि पद्मनिधी म्हणून ओळखतात. उजव्या देवळीत पांचिक आणि हारिती हे यक्षदांपत्य एका रुंद आसनावर शेजारी शेजारी विराजमान आहे. पांचिक हा यक्षांचा सेनापती व धनाचा रक्षक. हारिती त्याची पत्नी, तिच्या मांडीवर मूल आहे. तिची कथा बौद्ध वाङ्मयात प्रसिद्ध आहे. राजगृहातील ही यक्षिणी नगरातील मुले पळवून खात असे. तिला स्वतःची पाचशे मुले होती. बुद्धाने त्यांतील धाकटे, तिचे सर्वांत लाडके मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपविले. पाचशेंतले एक गेल्याने तिचा जीव असा तळमळला, तर ज्यांचे एकुलते एक गेले त्या आयांचे काय, या प्रश्नाने ती भानावर आली. मग आम्ही खावे काय, असे तिने विचारले असता, संघाच्या प्रत्येक विहारात तुला रोज अन्न वाढले जाईल, असे वचन बुद्धाने दिले, आणि ती मुलांची रक्षक झाली. देवळीच्या वरच्या कोपऱ्यांत ही कथा कोरली आहे: एकीकडे क्रोधाने धावून येणारी हारिती, दुसरीकडे बुद्धापुढे लीन झालेली. आसनाच्या खालच्या पट्टीत तर शाळाच भरली आहे. एका टोकाला छडी घेतलेले पंतोजी, त्यांच्यापुढे अभ्यासात गढलेली काही मुले, आणि मागे पंतोजींचा डोळा चुकवून एडक्यांच्या झुंजी लावणारी बाकीची. शेजारच्या भिंतींवर पूजाद्रव्ये घेऊन येणाऱ्या स्त्रिया रंगविल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत त्यांची मुलेही आहेत.

या रचनेकडे नीट पाहिले म्हणजे लेणे खोदणाऱ्यांची दृष्टी उलगडते. धनपती बुद्धाच्या जागी नाही, पण विहाराबाहेरही नाही. गर्भगृहाला लागूनच, एका बाजूला, त्याची नेमणूक झाली आहे. मोठ्या वाड्यात देवघराशेजारच्या कोठीवर विश्वासू कारभारी बसवावा, तसा हा पांचिक तेथे बसला आहे. घराची बरकत त्याच्या हातात, पण घर त्याच्या मालकीचे नाही. शिवाय त्याची पत्नी ही भुकेचे आणि मातृत्वाचे मूर्त रूप असल्यामुळे, त्याच्या थैलीतील द्रव्य कोठे जावयाचे हेही तेथेच ठरून गेले आहे: भुकेल्याच्या ताटात आणि मुलांच्या शिक्षणात.

ही रचना केवळ अलंकरणासाठी नव्हती, याला एका परदेशीय प्रवाशाची साक्ष आहे. ईत्सिंग हा चिनी भिक्षू सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात बराच काळ राहून गेला. येथील विहारांत ओसरीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारितीची प्रतिमा असते आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवले जाते, असे त्याने नमूद केले आहे. मुदपाकखान्याच्या खांबापाशी, हातात सोन्याची थैली घेतलेल्या आणि एक पाय खाली सोडून बसलेल्या महाकाळाची लाकडी मूर्तीही त्याने वर्णिली आहे. नित्य तेल पुसल्यामुळे तिचे मुख काळे पडलेले असे. हाच मुदपाकखान्याचा महाकाळ पुढे जपानात खांद्यावर पोतडी टाकलेला दाइकोकू झाला, हारिती तेथे किशिमोजिन म्हणून पुजली जाऊ लागली, आणि उत्तर दिशेचा लोकपाल वैश्रवण हा बिशामोन या नावाने तेथील सप्त भाग्यदेवतांत जाऊन बसला. धनदेवतेची जागा स्वयंपाकघराजवळ, हा संकेत मात्र दीर्घकाळ टिकला.

महाराष्ट्रातील अन्य लेण्यांतही हे कुटुंब भेटते. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या ओसरीच्या एका टोकास पांचिक आणि हारिती आहेत. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत जंभल आहे. आणि तेथीलच इंद्रसभा या जैन लेण्यात हत्तीवर बसलेला जो स्थूलकाय पुरुष पूर्वी इंद्र समजला जाई, तो जैनांचा यक्ष सर्वानुभूती असून त्याच्यासमोर मांडीवर मूल घेतलेली अंबिका आहे. धनिक यक्ष आणि लेकुरवाळी यक्षी ही जोडी कोणा एका पंथाची मिरास नव्हे, हे यावरून दिसते. वाशीम जिल्ह्यातच कारंजा आणि शिरपूर ही जैनांची मोठी क्षेत्रे आहेत, त्यामुळे येथील वाचकास ही गोष्ट परकी वाटू नये.

हे यक्ष ज्यांनी घडविले त्यांची नावे बहुतेक लुप्त झाली आहेत. एक मात्र उरले आहे. कन्नडनजीकच्या पितळखोरा लेण्यांत डोक्यावर पात्र धरलेला, दात दाखवून हसणारा एक खुजा यक्ष मिळाला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या या मूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख आहे. सोनाराने दगडाला हात घालावा, आणि तोही धनाचा सेवक असलेल्या यक्षाची मूर्ती करण्यासाठी, यात मोठे औचित्य आहे. यक्षाच्या कंठ्याची आणि कुंडलांची घडण इतकी काटेकोर का, याचे उत्तरही त्यात मिळते: हयातभर ज्याने दुसऱ्यांच्या अंगावर दागिने चढविले, त्याने दगडावरही तीच हत्यारांची सवय नेली.

परतीच्या वाटेवर वाशीमच्या बाजारपेठेत शिरले, की दुकानाच्या गल्ल्यावर, बालाजीच्या तसबिरीशेजारी, हसऱ्या बुद्धाची पोट सुटलेली बाहुली हटकून दिसते. हा गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातील बुदाई नावाच्या एका भटक्या चिनी भिक्षूचे हे रूप, ज्याला पुढे मैत्रेयाचा अवतार मानण्यात आले. त्याच्याही खांद्यावर झोळी आहे आणि दंतकथेप्रमाणे तो तिच्यातून मुलांना खाऊ वाटीत असे. परंतु गल्ल्यावर बसल्याने त्याची दिशा उलटी झाली: पैसा आत यावा म्हणून लोक त्याच्या पोटावरून हात फिरवितात. मूर्ती तीच राहिली, तरी तिची जागा बदलली की तिचा अर्थ बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. साच्यातून शेकड्याने निघणाऱ्या या बाहुल्यांत आणि दुसऱ्या लेण्यातील पांचिकात कारागिरीचे अंतर आहेच; पण त्याहून मोठे अंतर आहे ते नेमणुकीचे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातल्या गावोगावी जे विहार उभे राहिले, त्यांत बुद्धाची मूर्ती असते आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते. जंभल नसतो, हारितीही नसते, आणि यक्षांना तेथे मुळीच थारा नाही. तरीही अजिंठ्याहून आलेल्या प्रवाशाला हा मोठा खंड वाटू नये. घराघरांतून गोळा केलेल्या वर्गणीवर हे विहार बांधले गेले, आणि त्यांपैकी अनेकांच्या एका अंगाला वाचनालय किंवा अभ्यासिका चालते, जिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. वर्गणीचा जमाखर्च ठेवणारा खजिनदार आणि पलीकडच्या खोलीत शिकणारी मुले, हीच दुसऱ्या लेण्याच्या उजव्या देवळीतील मांडणी होय. यक्षाची मूर्ती वगळूनही त्याचे काम चालू ठेवता येते, हे वाशीमच्या आसपासच्या वस्त्यांनी सिद्ध केले आहे. आणि वराहदेवाला आपल्या वित्ताचा जो उपयोग अभिप्रेत होता, त्याच्याशी हे काम गल्ल्यावरच्या बाहुलीपेक्षा कितीतरी अधिक जवळचे आहे.